भिंतीत जाणारा पलंग: दोन पावसाळे काढल्यानंतर

आधी किंमत सांगून टाकते, कारण घरी येणारा प्रत्येक माणूस पलंग बघितला की पहिल्यांदा तेच विचारतो. फिटिंग धरून ₹६४,०००. गादी वेगळी. आणि पुढचं सगळं रामायण त्या गादीवरूनच घडलं, त्यामुळे हे वाचून कोणी पलंग घ्यायला निघालंच तर निदान गादीचा भाग तरी नीट वाचून जा.

आमचं घर डोंबिवली पूर्वेला, वन आरके, कार्पेट २८५ चौरस फूट. हॉल दहा बाय पंधरा, पुढे स्वयंपाकघर, आणि एक गॅलरी, जिथे वॉशिंग मशीन, तुळस आणि आमचे हे सकाळचा चहा घेताना मावतात. १९८८ साली घेतलं तेव्हा लोक म्हणाले, सुरुवातीला ठीक आहे. त्या सुरुवातीला आता सदतीस वर्षं झाली. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते, जानेवारी २०२० मध्ये व्हीआरएस घेतली. मुलगा पुण्याला असतो आणि दर दिवाळीला म्हणतो, आई, आता तरी मोठं घर बघा. मी म्हणते, मोठा केर कोण काढणार?

खरं म्हणजे मला हे घर लहान कधी वाटलंच नाही. मी नायगावच्या बीडीडी चाळीत वाढले. खोली १६० चौरस फूट, माणसं नऊ. मधे लांबलचक पॅसेज, दोन्ही बाजूंनी खोल्या, एका मजल्यावर वीस बिऱ्हाडं. वडील गिरणीत. त्यांची रात्रपाळी असली की दिवसा कॉट त्यांची, आणि आम्ही पोरं अभ्यासाला पॅसेजमध्ये. रात्री बाप्ये आणि मोठी मुलं पॅसेजमध्येच झोपायची, आम्ही मुली आत, आईच्या दोन्ही बाजूंना सुरीने कापल्यासारख्या सरळ. पण सकाळी सहाच्या आत सगळ्या वळकट्या कॉटखाली गेलेल्या असत. वळकटी बांधली की तीच खोली जेवणाची, तीच अभ्यासाची, तीच हळदीकुंकवाची. कोणाची वळकटी सातपर्यंत तशीच राहिली तर आई काही बोलायची नाही, केरसुणी घेऊन सरळ त्याच्या पायापासून झाडायला लागायची.

तेव्हा वळकटीसारखी सोय नाही, हे मी आजही मान्य करते. अडचण गुडघ्यांची आहे. ह्यांचे दोन्ही गुडघे गेले तसं जमिनीवरून उठणं बंद झालं. आमच्याकडे सहा बाय तीनचा दिवाण होता, त्यावर हे, खाली गादी टाकून मी. मग माझीही कंबर धरायला लागली. दोघांना झोपता येईल असा पलंग हवा, आणि पलंग ठेवला की हॉल संपला, असा पेच.

सोफा-कम-बेड आम्ही २०१४ मध्ये एकदा करून बघितला होता. त्याच्या मधला दांडा बरोबर कमरेत यायचा. तीन वर्षांनी पाहुणेसुद्धा म्हणायला लागले, आम्ही खालीच झोपतो. बॉक्सवाला हायड्रॉलिक पलंग भाच्याने सुचवला, खाली भरपूर जागा म्हणून. मी स्पष्ट नाही म्हटलं. पलंगाखाली पेटी असली की घरातली एकही वस्तू बाहेर जात नाही. मोडलेला मिक्सर, जुने पडदे, लग्नातल्या भेटींचे न उघडलेले डिनर सेट, सगळं त्यावर झोपून आपण राखण करतो.

भिंतीतल्या पलंगाचं त्यानेच मग मोबाइलवर दाखवलं. म्हणाला, मामी, मर्फी बेड. मर्फी म्हटल्यावर आमच्या पिढीला रेडिओ आठवतो आणि ओठांवर बोट ठेवलेलं ते गोंडस बाळ. हा मर्फी वेगळा. सॅन फ्रान्सिस्कोतला विल्यम मर्फी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका खोलीत राहायचा, आणि पलंगाने सगळी खोली अडवली म्हणून त्याने तो भिंतीकडे उचलून ठेवायची युक्ती काढली. तो एका गाणाऱ्या मुलीच्या प्रेमात होता आणि पलंग दिसत असलेल्या खोलीत तिला बोलावणं बरं दिसत नव्हतं म्हणून हे केलं, असंही सांगतात. खरंखोटं तो मर्फी जाणे. मला एवढंच वाटलं, की नायगावला असता तर त्याला आईने वळकटी शिकवली असती.

दुकान ठाण्याकडचं. नाव मुद्दाम लिहीत नाही. मधल्या काळात मी त्यांना फोनवर बरंच सुनावलंय, पण शेवटी त्यांनी चूक निस्तरली, त्यामुळे फिटंफाट. तिथे दोन भाव होते. पार्टिकल बोर्डात ४८, प्लायवूडमध्ये ६४. दिसायला दोन्ही सारखेच, वरून तेच सनमायका. मी प्लाय घेतलं, कारण पार्टिकल बोर्ड म्हणजे दाबलेला भुसा. आमच्या भागात जून ते सप्टेंबर भिंतींना जो दमटपणा असतो त्यात तो फुगतो आणि एकदा फुगला की स्क्रू धरत नाही. ज्या वस्तूचा सगळा भार चार बिजागऱ्यांवर आहे तिचे स्क्रू सुटून कसं चालेल? प्लायवर आयएस ३०३ चा, म्हणजे प्लायवूडच्या भारतीय मानकाचा, शिक्का बघितला, पण तेवढ्यावर थांबू नका. त्याच क्रमांकात एमआर आणि बीडब्ल्यूआर असे दोन प्रकार येतात, आणि पाण्याला टिकणारं दुसरं. विक्रेत्याने एमआरचा नमुना दाखवून बीडब्ल्यूआरचा भाव सांगितला होता. विचारल्यावर म्हणाला, "सॉरी काकी, सॅम्पल चुकलं." असेल बापडा.

मापं अशी: बंद असताना कपाटासारखा दिसतो, उंची सहा फूट दहा इंच, रुंदी पाच फूट पाच इंच, भिंतीपासून पुढे सतरा इंच. म्हणजे जमिनीवर पावणेआठ चौरस फूट. उघडला की छत्तीस. जुना दिवाण दिवसरात्र अठरा चौरस फूट अडवून बसायचा, एकाच माणसाला झोपवायचा, आणि वर दिवसभर त्यावर न घडी केलेले कपडे.

पैशापेक्षा भिंत मोकळी करणं मला जास्त महाग पडलं. विक्रेत्याने घर बघायला माणूस पाठवला, त्याने स्वयंपाकघराच्या बाजूची भिंत पसंत केली, कारण दारातून आल्यावर तिथे पलंग चांगला दिसेल. आमच्या इमारतीचं प्लंबिंग-गवंडीकाम बघणारा मिस्त्री योगायोगाने गॅलरीत नळ बदलत होता. तो आला, भिंतीवर दोन ठिकाणी टिचकी मारली आणि म्हणाला, "ताई, ही साडेचार इंची. ही कॅलेंडर टांगायची भिंत." मग जिन्याकडच्या नऊ इंची भिंतीवर टिचकी मारली. तिथला आवाज खरंच वेगळा आला, भरल्या माठासारखा. शिवाय त्या कोपऱ्यात कॉलम. पलंग तिथेच लागणार हे ठरलं.

आणि तिथे होता आमचा शोकेस. सहा फुटी, काचेचा, १९९१ चा. आत काश्मीरचा शिकारा, शंखशिंपल्यांचा गणपती, मुलाची चौथीतली ट्रॉफी, टेलिफोन खात्याची दोन सन्मानचिन्हं, आणि सासूबाईंनी जपलेला बारा कपांचा सेट, ज्यातून आजवर कोणी चहा प्यायलेलं मी पाहिलं नाही. तीन दिवस लागले. शिकारा शेजारच्या मुलीला दिला. ट्रॉफी मुलाला कुरिअर करते म्हटल्यावर तो घाईघाईने म्हणाला, नको नको, तिथेच कुठेतरी ठेव. आता त्या कपांतून आम्ही रोज चहा पितो. चार फुटले, आठ आहेत.

फिटिंगला दोन मुलं आली. प्लास्टिकच्या गिट्ट्या ठोकून चालू करणार होते. मिस्त्रीने सांगून ठेवलं होतं म्हणून मी लोखंडी अँकर फास्टनरच लावायला लावले, सहा, त्यातले दोन कॉलममध्ये. मुलं कुरकुरली, कारण काँक्रीटमध्ये भोक पाडायला वेळ लागतो. त्यांना थालीपीठ केलं. चार तासांत पलंग उभा.

आता गादी.

ह्या पलंगाची सगळी करामत दोन बाजूंच्या दोन गॅस स्प्रिंगांत आहे. काळी नळी, आत दाबाने भरलेला नायट्रोजन, आणि एक चकचकीत दांडा. गाड्यांच्या डिकीचं झाकण वर धरून ठेवणारे असतात तेच. नळीवर किती न्यूटनचा जोर ते छापलेलं असतं. आमच्या पहिल्या जोडीवर १००० होतं, म्हणजे एकेक नळी साधारण शंभर किलोच्या वजनाइतकी ढकलते. हे म्हणाले, मग पलंग भिंत पाडून जिन्यात जाईल की. तसं होत नाही, कारण स्प्रिंग बिजागरीच्या अगदी जवळ बसवलेली असते. दार कड्याशी ढकललं तर बोटाने हलतं, बिजागरीशी ढकलून बघा, खांदा लावावा लागतो. म्हणून एवढा जोर लागतो. तो जोर पलंगाची चौकट अधिक गादी यांच्या वजनाशी जुळला, की सहा फुटांचा पलंग एका हाताने वर जातो आणि खाली येताना पिसासारखा येतो. दुकानात असाच आला होता. तिथे हलक्या फोमची गादी होती.

आमच्याकडे हे म्हणाले, फोमवर झोपणार नाही. पाठ बसते. मग आमच्या दोन जुन्या गाद्यांचा कापूस, त्यातला एक आमच्या लग्नातला, एकत्र पिंजून घेतला आणि पाच बाय सव्वासहाची एकच गादी भरून आणली. पूर्वी पिंजारी दारात येऊन धुणकीने टणत्कार करत बसायचा, सगळ्या जिन्यात कापूस उडायचा. आता स्टेशनच्या पलीकडे मशीनवर पिंजतात. गादी देखणी झाली. रद्दीवाल्याच्या काट्यावर घातली तर २६ किलो.

पहिल्या रात्री मी हँडल धरून पलंग खाली ओढला. अर्ध्यापर्यंत पिसासारखाच आला, आणि शेवटचे दोन फूट धाडकन. खालच्या मजल्यावरचे काका चपला न घालता वर आले. दुकानाला फोन केला तर उत्तर, "मॅडम, पलंगात प्रॉब्लेम नाही, गादी तुमची प्रॉब्लेम आहे." मी विचारलं, विकताना गादीची जाडी विचारलीत, वजन का नाही विचारलं? त्यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. तरी जोडी बदलायचे ₹१,८०० मागितलेच. आम्ही दिले आणि १५०० न्यूटनची जोडी बसली. पलंग सुतासारखा सरळ झाला. आठ दिवस सुखाचे गेले.

नवव्या दिवशी ऊन चांगलं होतं म्हणून ह्यांनी पट्टे सोडून गादी गच्चीत नेली. पलंग रिकामा, स्प्रिंगा पंधराशेच्या. मी चादर बदलावी म्हणून तळाची फळी जरा उचलली मात्र, पलंग माझ्या हातातून सुटून वर गेला आणि खटकन बंद झाला. संध्याकाळी गादी आली, पलंग खाली येईना. मी हँडलला लटकले. लोकलच्या कडीला लटकून पंचवीस वर्षं व्हीटीला गेलेली बाई आहे मी, पण तो इंचभर हलला नाही. नात आली होती, दहा वर्षांची. तीही माझ्या शेजारी लटकली. हे मागून म्हणत होते, "सावकाश, सावकाश." शेवटी वरच्या मजल्यावरचा जिमला जाणारा मुलगा बोलावला. त्याने आणि मी मिळून ओढला, नातीने फळीवर उडी मारली, आणि ती वर बसलेली असताना आम्ही गादी सरकवली. मग तिला हळूच काढून घेतली. हे सांगायचं कोणी दुकानात? गादीशिवाय पलंग खाली ओढू नये, उघडा असताना गादी काढू नये, ही दोन वाक्यं एका कागदावर छापून आत चिकटवली असती तरी पुरे होतं.

बरं, तेवढ्यानेही संपलं नाही. महिन्याभरात लक्षात आलं की गादी डोक्याकडे जाड आणि पायाकडे पातळ होत चाललीय. दिवसभर उभी राहून राहून कापूस खाली, म्हणजे बिजागरीच्या बाजूला, उतरत होता. कापसाला काय, वजनाने बसणारच. रोज उभ्या राहणाऱ्या पलंगाला कापसाची गादी चालत नाही, हे आम्ही पाठीवर शिकलो. शेवटी ह्यांनीच माघार घेतली. सहा इंची, घट्ट फोमची, १४ किलोची गादी आणली, ₹९,५०० ला. पुन्हा स्प्रिंगा बदलणं आलं. या वेळी मी आवाज चढवला. मालकांनी स्वतः येऊन बघितलं, १२०० न्यूटनची जोडी फुकट बसवली आणि आधीचे अठराशेही परत केले. कापसाच्या गादीच्या परत दोन केल्या, गुंडाळून माळ्यावर आहेत, पाहुण्यांना. हे अधूनमधून दुपारी त्यातली एक काढून गॅलरीच्या दाराशी पसरायला लावतात आणि भिंतीचा आधार घेत घेत तिच्यावर टेकतात. त्यांना उठवायला मला दोन हात द्यावे लागतात.

सध्याची रोजची रीत अशी. पावणेसहाला उठते. लगेच पलंग उचलत नाही, चादर मागे टाकून पंखा लावून अर्धा तास तसाच ठेवते. रात्रभराचा घाम कोंडला की कपाटाला वास येतो, पहिल्या पावसाळ्यात आला होता. मागच्या फळीला तेव्हा बुरशीचे दोन ठिपकेही दिसले. मिस्त्रीने फळी आणि भिंत यांत अर्ध्या इंचाची फट ठेवून पुन्हा कसून दिली, दुसऱ्या पावसाळ्यात काही नाही. उशा आत राहत नाहीत, जागाच नाही, त्या दारामागच्या गोदरेजच्या कपाटावर. हे दुकानदार सांगत नाहीत. फोटोत उशा पलंगावर असतात, बंद पलंगाच्या फोटोत कुठे असतात कोण जाणे.

मच्छरदाणीचं कोडं अजून पूर्ण सुटलेलं नाही. डोंबिवलीत मच्छरदाणीशिवाय झोपणं म्हणजे रक्तदान. कपाटाच्या दोन कडांना हुक आहेत, पण पायाकडचे दोन कोपरे समोरच्या भिंतीपर्यंत दोरीने ओढावे लागतात, आणि रात्री पाणी प्यायला उठलं की दोरी गळ्याशी येते. उंचीचं मात्र आधीच मोजलं होतं म्हणून बरं. पलंग वर जाताना त्याचं टोक कमानीत फिरतं, पंखा किंवा ट्यूब त्या वाटेत नको.

मिळालं काय, तर दिवसभर हॉल. सकाळी हे तिथे फिजिओने सांगितलेले व्यायाम करतात, पाय सरळ पसरून. पूर्वी दिवाणाच्या पायाला लागायचे. गेल्या गणपतीत बारा माणसांची पंगत बसली, दोन ओळी, मधून वाढायला जागा ठेवून. अळूची भाजी वाढताना मला कोणाच्या पानावरून पाय टाकावा लागला नाही. जाऊ म्हणाली, पलंग विकला की काय? तिला उघडून दाखवला नाही. बंद पलंगाला टेकून चार जणी बसल्या होत्या.

कोणी घेऊ नये हेही सांगते. ज्यांच्या घरी दुपारी दोनला कोणीतरी आडवं होतंच, त्यांनी घेऊ नये. तो दिवसभर उघडाच राहील आणि मग ६४ हजारांचा साधा पलंग होईल. अंथरुणाला खिळलेलं माणूस घरात असेल तर अजिबात नको. लहान पोरं असली तर वरच्या दोन खिट्ट्या लावायला विसरू नका. आणि आमच्याकडे मांजर शिरतं, म्हणून उचलण्याआधी मी रोज पांघरुणात हात फिरवून बघते.

माझी आतेबहीण वरळीच्या बीडीडीतली. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या पहिल्या कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, त्यात ती आहे. १६० मधून ५०० मध्ये गेलेली बाई, तिचा परवा फोन. म्हणाली, अगं, दोन्ही मुलांनी दोन मोठे पलंग आणले, एक सोफा आणला, आता मी चालू कुठून? तुझ्या त्या भिंतीतल्या पलंगाचं सांग. मी म्हटलं, आधी भिंत कसली आहे ते बघ, टिचकी मारून. तिने फोन भिंतीला लावला आणि टकटक केलं. मला काहीच कळलं नाही. मिस्त्रीचा नंबर दिला.